मोबाईल कानाला कशाला लावतो तो?

"मावशी, मी जयगडच्या बाजूला एका वाडीत अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा येतो, दोन-चार शब्द सोडले तर बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही. बाबा बोटीवर खलाशी, सध्या पावसाळी मासेमारी बंदी म्हणून घरी. आई सीझनला बंदरावर मासळी निवडते, आता भात लावणीला जाते. पोर आजीकडे नि हातात मोबाईल. फुल्ल आवाज करून कानाला लावून बसतो, काढून घेतला की लोळण घेतो. बहिरा नाहीये, गणपतीत फटाक्यांना दचकतो. पालक सभेत आईला सगळ्यांसमोर सुनावलं तर तिने आठ दिवस पोर पाठवलंच नाही. हे व्यसन सोडवायचं कसं?"

अगो बाय, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दावर अडकले. कानाला. कार्टून बघणारं पोर मोबाईल डोळ्यासमोर धरतं, फार तर नाकाला चिकटवेल, पण चित्र सोडून तो कानाला कशाला लावेल? आपल्याकडचे म्हातारे ट्रान्झिस्टर कानाला लावून बातम्या ऐकायचे, त्यांना काय रेडिओचं व्यसन होतं? ऐकू येत नव्हतं त्यांना!

आणि ते फटाक्याचं मला सांगू नकोस. कमी ऐकणारी मुलंपण फटाक्याला दचकतात, ताट पडलं, कुत्रा भुंकला, सगळं पोचतं, पोचत नाही ते माणसाचं हळू बोलणं, त्यातला स, फ, थ. लहान मुलांत सर्दी मुरली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, हे फार कॉमन आहे, बऱ्याचदा दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो, आणि पोराला मात्र आपण खाडीत डोकं बुडवल्यावर ऐकतो तसं सगळं ऐकू येत असतं. मग शब्द येणार कुठून तोंडात? तेच असेल असं मी म्हणत नाही, हाकेला न वळण्याची दुसरीही कारणं असतात, पण बोलायला उशीर झाला की आधी कान बघायचे, बाकीचं नंतर.

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षं मागच्या बाकावर ढ म्हणून बसवला होता. शेवटी दोष कानांचा निघाला. म्हणून तुझा राग येतोय, लपवत नाही. त्या बाईला तू सभेत उभी करून बोललीस, दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईला, आणि ते पोर तीन तास तुझ्यासमोर बसतं तरी कान तुझ्याही लक्षात आला नाही.

मोबाईलचं विचारलंस तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरावर स्क्रीन नको, कमी तेवढं बरं. हे तुला पाठ असणार, सभेत तेच बोलली असशील. पण त्याला नीट ऐकू येणारी तेवढी एकच वस्तू असेल आणि तीच तू काढून घेतलीस, तर तो लोळणारच की.

आता एकच कर. ३१ जुलैला बंदी संपते, मग बाबा बोटीवर आणि आई बंदरावर, पोराला घेऊन जायला कोण मोकळं नाही. त्याच्या आत कान तपासून घे. आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांच्या यादीत कान आहेतच, पण पुढच्या फेरीची वाट बघू नकोस, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन लाव, चिठ्ठी घे आणि थेट रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात. पोर एका जागी बसत नाही ही सबब नको, झोपलेल्या मुलाचीही तपासणी होते, बेरा म्हणतात तिला. तोवर आजीला एवढं बजाव, कानात कोमट खोबरेल ओतायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही.

आणि चिठ्ठी कुणाच्या हाती पाठवू नकोस. संध्याकाळी ती लावणीवरून आली की स्वतः जा, पडवीत बस, सभेत बोलले ते चुकलं म्हण, आणि मग सांग की मी पण येते बरोबर. तिची एक दिवसाची मजुरी जाणार आहे, तेव्हा पहिली एसटी पकडा, उशिरा गेलात तर केसपेपरच्याच रांगेत दुपार होईल. पोराला खिडकीला बसव.