फटी सफाईने पडल्या नाहीत, सफाईने दिसल्या

दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. वय ४४, खालच्या पुढच्या दातांतून रक्त, नाशिकच्या सिडकोतल्या डॉक्टरांनी चार सिटिंगची खोल सफाई (हिरडीच्या आतपर्यंतची) सांगितली, पहिली झाली आणि आता दातांत फटी दिसतात, गार पाणी झोंबतं, दात जास्तच हलतात असं वाटतं. उरलेल्या तीन रद्द करू का, असा तुमचा प्रश्न. मीही २०१६ साली इथेच अडकले होते. फरक एवढाच की मी कोणाला विचारलं नाही, सरळ रद्द केल्या.

मी डॉक्टर नाही, इंदिरानगरला शिवणकाम करते. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हे सगळं माझ्या तोंडाबद्दल समजा. ब्रश दोनदा करा, तंबाखू सोडा वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते लिहीत नाही.

पहिल्या सिटिंगनंतर घरी आले आणि जीभ सारखी खालच्या दातांच्या मागे जाऊ लागली. तिथे आधी गुळगुळीत भिंत होती, आता खडबडीत आणि पोकळ. आरशात दातांच्या मुळाशी काळे त्रिकोण. जाऊबाई म्हणाल्या, "सफाई केली की दात हलतातच, आमच्या आईचं असंच झालं." झालं, माझा निकाल लागला.

ती गुळगुळीत भिंत म्हणजे किटण, दातांवर साचून दगडासारखा कडक झालेला थर होता, हे मला चार वर्षांनी कळलं. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं असतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण लवकर आणि जाड चढतं. ते फटीत सिमेंटसारखं बसतं आणि आतून हलणाऱ्या दातांना बाहेरून धरून ठेवतं. वरून हिरडी सुजलेली, म्हणजे फट आणखी झाकलेली. किटण निघालं, सूज उतरली, की आधीच झिजलेलं हाड आणि उघडं पडलेलं मूळ उघडकीला येतं. गार पाणी त्या मुळाला झोंबतं. माझं झोंबणं काही आठवड्यांत बरंच कमी झालं. झिजलेलं हाड मात्र सफाईने परत येत नाही, उरलेलं वाचवायचं असतं. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ण बरी होते. हाडापर्यंत गेलं की तो आजार आयुष्यभर सांभाळायचा.

आता माझी खरी चूक. सिटिंग सोडल्यावर मी दुसऱ्या एका दवाखान्यात गेले. नाव लिहीत नाही, विचारूही नका. तिथे मला हवं तेच ऐकायला मिळालं. दोन मिनिटं टॉर्च मारून पाहिलं. एक्स-रे नाही, माप नाही. "हिरड्या नाजूक आहेत, जोरात घासू नका," असं सांगून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणि हिरडीला लावायचं तांबडं औषध दिलं. सूज उतरली. मी खूश! मग दर सहा-आठ महिन्यांनी सूज, तेच बिल, त्याच गोळ्या. चार वर्षं!! गोळ्यांनी सूज उतरते, किटण उतरत नाही, एवढं साधं मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यात "जोरात घासू नका"चा अर्थ मी "तिथे घासूच नका" असा घेतला. रक्त येतं म्हणून ब्रश नाही, ब्रश नाही म्हणून आणखी रक्त.

२०२० च्या संक्रांतीआधी बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यांची गर्दी होती. दोरा दाताने तोडायची माझी जुनी खोड. दोरा ओढला आणि खालचा एक दात दोऱ्याबरोबर पुढे झुकला. दुखलं नाही, याचीच जास्त भीती वाटली. त्याच संध्याकाळी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे गेले, पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात त्यांना.

त्यांनी खुणा केलेली एक बारीक सळी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत हलकेच उतरवली आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत गेल्या. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. मला वाटलं, काही विशेष नाही. मग पुढे आल्यावर सहा, सात, आठ. मुलीचं पेन क्षणभर थांबलं. हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून खिसा झालेला असतो आणि त्या खिशात ब्रश पोचत नाही. नंतर त्यांनी विचारलं, "शुगर कधी तपासली होती?" कधीच नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.९ टक्के निघाली, म्हणजे मधुमेह. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास देते. तुम्ही तपासली नसेल तर ह्याच आठवड्यात तपासा.

चार सिटिंग झाल्या, दोन महिन्यांनी परत माप. बहुतेक आकडे खाली आले, दोन ठिकाणी हिरडी उघडून साफ करावी लागली. एक दात आणि एक दाढ गेलीच. ह्या दोन्ही २०१६ मध्ये वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. मला वाटतं, वाचल्या असत्या.

म्हणून माझं मत, चुकत असेल तर इतरांनी सांगावं: जिथे माप घेत नाहीत तिथे हिरड्यांचा इलाज घेऊ नका, पाटी कितीही चकचकीत असो. तुमच्या डॉक्टरांनी चार सिटिंग सांगितल्यात म्हणजे बहुधा माप घेतलंय. त्या कागदाचा फोटो मागून घ्या. शंका असेल तर दुसरं मत घ्या, पण तज्ज्ञाचं. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली करतात, वेळ जातो, सकाळी लवकर जा.

रक्त येत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. आमच्या ह्यांच्या हिरड्यांतून कधी थेंब आला नाही आणि हाड माझ्यापेक्षा जास्त झिजलेलं. सिगारेटने रक्त येणं दबतं. सासूबाई मिश्रीने हिरड्या "घट्ट" करायच्या, त्यांची गोष्ट वेगळी लिहावी लागेल. बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिनने, काहींच्या हिरड्या फुगतात. तसं असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

क्लोरहेक्सिडिनची, म्हणजे जंतुनाशक औषधाची, गुळणी सांगितली असेल तर सांगितले तेवढेच दिवस. मी हौसेने दोन महिने केली, दात चहाच्या कपासारखे तपकिरी झाले. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने. आणि तुम्हाला ज्या फटींचा राग येतोय, त्यांच्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखे चिमुकले ब्रश मिळतात. माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या, प्रत्येक फटीला एकच चालत नाही. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, तरी थांबू नका. आलं की मी घाबरून थांबायचे. माझी सफाई अजून दर तीन महिन्यांनी असते.

उरलेल्या सिटिंग घ्या. फक्त घाईने दोन्ही बाजू एकाच दिवशी मागू नका. मी मागितल्या होत्या. दोन्हीकडे बधिर झालं, आणि रात्री वरणभात ओठांतून परत ताटात येत होता, मला कळतही नव्हतं.