गाडी शिकू की कॉम्प्युटर?

प्रश्न : मी बारावीत आहे. लहानपणापासून गाड्यांचं वेड आहे आणि फिजिक्स मनापासून आवडतं. पण सगळे म्हणतात, मेकॅनिकलचे दिवस गेले, आता गाडी म्हणजे कॉम्प्युटरच, तेव्हा तू तेच घे. बाबांना वाटतं, थोड्या वर्षांत गाड्या स्वतःच चालतील, अपघात थांबतील, मग रस्ते-सुरक्षेच्या कामाला माणसं कशाला लागतील? मी कोणती शाखा घेऊ?

उत्तर : शाखेचं नंतर बोलू. आधी तू एक अपघात नीट समजून घे. बाबांच्या शंकेचं उत्तरही त्यात आहे.

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबरच्या एका स्वयंचलित चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. त्यात ती दगावली. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा कळलं, की धडकेच्या 5.6 सेकंद आधीच गाडीच्या रडारने तिला टिपलं होतं. पण समोर नेमकं काय आहे, हे प्रणालीला ठरवता येईना. कधी ती वाहन ठरायची, कधी ‘इतर वस्तू’, कधी सायकल. ओळख बदलली की तिच्या हालचालीची आधीची नोंद हिशोबातून जायची, त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाजच बांधला जात नव्हता. क्रॉसिंग सोडून भलत्याच जागी माणूस रस्ता ओलांडेल, हे प्रोग्राम लिहिताना धरलेलंच नव्हतं. त्यातून, विनाकारण ब्रेक लागू नयेत म्हणून, धोका कळल्यावरही एक सेकंद थांबण्याची योजना केलेली होती. ताशी 70 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 19 मीटर पुढे जाते. गाडीत मुळात असलेली आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवली होती. लक्ष ठेवायला बसलेली चालक मोबाइल पाहत होती. आणि तिथल्या दुभाजकावर फरसबंदी अशी केलेली होती की कुणालाही ती पायवाटच वाटावी.

आता सांग, ही चूक कोणत्या शाखेची? प्रोग्राम लिहिणाऱ्यांची आहे, पण तेवढीच नाही. एका सेकंदाची किंमत काय, हे गतीचे नियम ज्याच्या अंगात मुरलेत त्याला आधी कळतं. तासन्‌तास नुसतं बघत बसलेल्या माणसाचं लक्ष उडतंच, हे मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याला ठाऊक असतं. दुभाजक सिव्हिल इंजिनिअरच्या हातातला. या सगळ्यांची भाषा समजणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तू त्यांच्यातली व्हावीस असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : फिजिक्स आवडतंय तर मेकॅनिकल घे, आणि पहिल्या वर्षापासून प्रोग्रामिंग व इलेक्ट्रॉनिक्स सोबत ठेव. पदवीलाच ‘ऑटोमोबाइल’ घ्यायची घाई नको. पाया रुंद असू दे, खास विषय पुढच्या पदवीला निवडता येतो. कॉम्प्युटरची खरी ओढ असती, तर तू मला फिजिक्सबद्दल लिहिलंच नसतंस.

मेकॅनिकलचे दिवस गेले म्हणणाऱ्यांनी इलेक्ट्रिक गाडीच्या तळाशी बसवलेली बॅटरी बघावी. धडकेत ती चेपली तर आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकते. तिच्याभोवतीची चौकट, ती थंड ठेवण्याची व्यवस्था, जास्तीचं वजन पेलणारे टायर आणि ब्रेक, ही सगळी मेकॅनिकलची कामं आहेत. वेग ताशी 50 वरून 60 वर नेला की गतिज ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी ती ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते.

आणखी एक क्षेत्र तुला माहीत असावं, कारण त्याकडे फारसं कोणी वळत नाही : धडक-चाचणीतले मानवी पुतळे आणि त्यामागची जीवयांत्रिकी, म्हणजे धडकेत शरीराचं काय होतं याचा अभ्यास. वर्षानुवर्षं चाचण्यांमध्ये सरासरी पुरुषाच्या मापाचा पुतळा प्रमाण मानला गेला. स्त्रीच्या जागी बसवला जायचा तो बहुतेकदा त्याचीच लहान आवृत्ती. सरासरी स्त्रीच्या शरीररचनेवर बेतलेला, मागून बसणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठीचा पुतळा स्वीडनमधल्या अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने 2022 मध्ये पुढे आणला. इतक्या उशिरा! मला याचा राग येतो, आणि तुझ्यासारख्या मुलींनी या कामात यावं असं वाटण्याचं तेही एक कारण आहे.

बाबांना एक आकडा दाखव. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगभरात सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यांवर मेली. त्यातली निम्म्याहून अधिक पायी चालणारी, सायकलवरची किंवा दुचाकीवरची होती. गाडी स्वतः चालू लागली तरी ही माणसं गाडीबाहेरच असणार. गाडीतला एखादा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर पुढे काय होईल, याचा आधीच विचार करायला लावणारं आयएसओ 26262 नावाचं एक मानक आहे. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढेल तशी ते काम करणारी माणसं जास्तच लागतील.

कॉलेज बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचार. मेकॅनिकलच्या मुलांना सेन्सर आणि कंट्रोलची प्रयोगशाळा स्वतः हाताळू देतात का? आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दुसऱ्या शाखेची मुलं सोबत घेता येतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरं कॉलेज बघ. टेंपीच्या चौकशीचा अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतो. परीक्षा झाली की तो वाच, आणि तुला त्यातलं काय सर्वांत आधी दुरुस्त करावंसं वाटलं ते मला कळव.