सॅटेलाइट इमेज कॅलिब्रेशनच्या वर्कशॉपला फी भरून जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की जिओइन्फॉर्मेटिक्समध्ये एमएस्सी चालू आहे, सोयाबीनवर सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइटच्या इमेजवरून एनडीव्हीआय, म्हणजे पीक किती हिरवं आहे त्याचा आकडा, काढता, गाइड म्हणतायत जा, आणि तुम्हाला वाटतंय की कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचे आकडे खऱ्या उजेडाशी ताडून बघणं, हे सॅटेलाइट बनवणाऱ्यांचं काम, आपला काय संबंध. संबंध आहे हो, थेट तुमच्या सोयाबीनशी आहे.

मी अहमदाबादला अशा एका वर्कशॉपला गेलेलो. तिथे एक जण स्वतःचा ग्राफ घेऊन आला होता, २०१९ पासूनचा एनडीव्हीआय, आणि २०२२ पासून आकडे एकदम खाली. पाऊस बघितला, पेरणीच्या तारखा बघितल्या, रोगराई बघितली, काहीच जुळेना. शिकवणाऱ्या सरांनी फक्त विचारलं, ऑफसेट वजा केलाय का? भानगड अशी की २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रोसेसिंगमध्ये प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात, तोच हा ऑफसेट. आता हिरव्यागार शेतात निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) ४००० आणि रेड ५०० धरा, एनडीव्हीआय (दोघांचा फरक भागिले बेरीज) येतो ०.७८, पण दोन्हीत हजार मिळवून तसंच सूत्रात टाकलं की येतो ०.५४! शेत तेच, पीक तेच. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये हार्मोनाइज्ड नावाचं कलेक्शन घेतलं की हे आपोआप सरळ होतं, पण आधी असं काही असतं हे माहीत तर पाहिजे ना. तुम्ही आज रात्रीच तुमचा कोड उघडून बघा.

लेक्चरबद्दल फार सांगत नाही, स्लाइड्स नंतर मिळतात. लँडसॅट-८ हा अमेरिकन सॅटेलाइट दर महिन्याला पौर्णिमेच्या आसपास वळून चंद्राकडे बघतो, कारण चंद्रावर ना हवा ना ढग आणि पृष्ठभाग जवळजवळ बदलतच नाही, मग उजेड वेगळा दिसला तर सेन्सर बदललाय असं समजायचं, हे मला जाम आवडलं. लँडसॅट-९ ला तर नोव्हेंबर २०२१ मध्ये मुद्दाम ८ च्या खालून नेलं, म्हणजे दोघांनी एकच जमीन जवळपास एकाच वेळी बघितली आणि आकडे जुळवता आले.

खरी मजा फील्डला. आम्हाला कच्छच्या छोट्या रणात नेलं होतं. पावसाळ्यात तिथे पाणी, पण हिवाळ्यात सगळं कोरडं, सपाट, उजळ आणि लांबपर्यंत एकसारखं, कॅलिब्रेशनला हेच लागतं. सेंटिनेल-२ साडेदहाला येतं असं पुस्तकात असतं पण ती सूर्याची स्थानिक वेळ, रणात आपल्या घड्याळात तेव्हा सव्वाअकरा झालेले असतात. परावर्तित उजेड रंगारंगाने मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर पाठीवर, आधी तुलनेसाठी ठेवलेल्या पांढऱ्या पॅनलवर रीडिंग, मग जमिनीवर चालत चालत, परत पॅनल, कारण तेवढ्यात सूर्य सरकलेला असतो. कपडे गडद घाला असं आधीच बजावलेलं, तरी एक जण पांढराशुभ्र शर्ट घालून आला, त्याला पॅनलपासून लांब उभं केलं कारण शर्टावरून परावर्तित झालेला उजेडही रीडिंगमध्ये घुसतो. पॅनलला बोट लावलं तर ओरडा ठरलेला. शेजारी कुणी सन फोटोमीटर सूर्यावर धरून हवेतली धूळ किती ते मोजतोय. आणि सॅटेलाइट नेमकं डोक्यावरून जाताना ढगाचा एक तुकडा आला की झालं, एवढी तयारी पाण्यात, बसा पुढच्या फेरीची वाट बघत. हे एकदा बघितलं की रिफ्लेक्टन्स (पडलेल्या उजेडातला किती भाग परत फिरतो ते) ०.३१ आणि ०.३३ यातल्या फरकावर अख्खा निष्कर्ष उभा करायची हिंमतच होत नाही.

म्हणून माझं म्हणणं, फी भरायच्या आधी आयोजकांना मेल करून दोनच गोष्टी विचारा, फील्डचा दिवस आहे का आणि स्वतःचा डेटा आणता येतो का. दोन्ही नाही म्हणाले तर मी तरी पैसे घालणार नाही, त्यापेक्षा घरी बसून रॅडकॅलनेट या कॅलिब्रेशन साइट्सच्या जाळ्याच्या वेबसाइटवर रजिस्टर करा, नामिबियातल्या गोबाबेबसारख्या साइटची दर अर्ध्या तासाची मोजमापं फुकट मिळतात, त्याच तारखेची सेंटिनेलची इमेज घ्या आणि ढग नसलेल्या दिवशी आकडे किती जुळतात ते बघा. हो म्हणाले तर गाइडकडून पत्र घेऊन विद्यार्थी सवलत मागा, बऱ्याच ठिकाणी देतात. आणि टोपी न्या, रणात सावली नावाला नाही.