पब्लिक अॅडजस्टरची टक्केवारी नेमकी कोणत्या रकमेवर?

मिल्टन वादळात (ऑक्टोबर २०२४) फ्लोरिडातील टँपाजवळच्या आपल्या घराच्या छपराचे नुकसान झाले, महिन्याभरात केलेल्या दाव्यावर विमा कंपनीने १४,००० डॉलर दिले, आणि आता रविवारी दारावर आलेला पब्लिक अॅडजस्टर (विमाधारकाच्या वतीने नुकसान मोजून कंपनीकडे भरपाई मागणारा व्यावसायिक) 'आधी काही देऊ नका, एकूण रकमेचे वीस टक्के द्या' म्हणतो. हे रास्त आहे का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते नाही. कंपनीचा अॅडजस्टर कंपनीसाठी काम करतो, हा आपल्यासाठी. त्यामुळे त्याची फी आपल्याला मिळालेल्या रकमेतूनच, म्हणजे छपराच्याच पैशातून जाते. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या घटनेबाबत त्यानंतरच्या वर्षभरात केलेल्या दाव्यांवर फ्लोरिडात १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. आपला दावा त्यातच बसतो. २० टक्के ही एरवीची मर्यादा.

पण टक्क्यांपेक्षा ते कशावर लावले आहेत, हा प्रश्न मोठा आहे. आधीच मिळालेल्या पैशावर फी घेण्यास फ्लोरिडाचा कायदा मनाई करतो. करारानंतर त्याच्या प्रयत्नाने जे वाढेल, तेवढ्यावरच ती आकारता येते. समजा एकूण भरपाई ३६,००० झाली, तर वाढ २२,००० आणि फी जास्तीत जास्त २,२०० डॉलर. त्याच्या हिशेबाने मात्र ती ७,२०० होते! तेव्हा 'करारानंतर मिळालेल्या रकमेवर' हे शब्द करारात असल्याखेरीज सही करू नये.

वाढीव नुकसान खरोखर किती, हेही आधी पाहावे. पुरवणी दावा (त्याच नुकसानीसाठी आणखी रकमेची मागणी) नुकसानीच्या तारखेपासून १८ महिन्यांत करावा लागतो, आणि शे-दोनशे कौलांसाठी अॅडजस्टर नेमण्यात मला अर्थ दिसत नाही. मोजमापातून अख्खी खोली सुटली असेल, तर गोष्ट वेगळी.

आयन वादळानंतर मी असा करार केला होता. धनादेशावर माझे, गृहकर्जाच्या बँकेचे आणि अॅडजस्टरचे अशी तिघांची नावे आली आणि बँकेची सही मिळवण्यात कित्येक आठवडे गेले. फी रास्त होती, पण ठेकेदाराला एवढे थांबवावे लागेल, हे मला कोणी सांगितले नव्हते.

आपण सही केलीच असेल, तर दहा दिवसांत करार विनादंड रद्द करता येतो. त्याचा परवाना राज्याच्या वित्तीय सेवा विभागाच्या संकेतस्थळावर तपासावा, कारण फ्लोरिडात पब्लिक अॅडजस्टरला रविवारी ग्राहक शोधण्याचीच परवानगी नाही.