स्पॅनिशमधला 'सुएन्यो' म्हणजे झोप की स्वप्न?

शब्दकोशात 'सुएन्यो'पुढे झोप आणि स्वप्न असे दोन्ही अर्थ दिसतात, मग वाक्यात कुठला घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. अर्थ दोन्ही बरोबर आहेत. पुष्कळदा एका 'उन'वरून, म्हणजे 'एक'वरून, उलगडा होतो. 'तेंगो सुएन्यो' म्हणजे मला झोप येतेय, 'तेंगो उन सुएन्यो' म्हणजे माझं एक स्वप्न आहे.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते कोलंबियातल्या बोगोटाच्या मैत्रिणीमुळे. आम्ही व्हिडिओ कॉलवर सराव करायचो. इथे रात्रीचे अकरा, तिच्याकडे दुपारचे साडेबारा. एकदा तिने विचारलं, 'तिएनेस सुएन्यो?' मी स्पेनमधलं ग्रानादा बघायचं माझं स्वप्न सांगायला लागलो. तिने तळहातावर गाल टेकून डोळे मिटून दाखवले, तेव्हा कळलं. तिच्या प्रश्नात 'उन' नव्हता!

माझा आग्रह एकच: इथे इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. इंग्रजीत या जागी विशेषण येतं ('आय अ‍ॅम स्लीपी'), म्हणून आपल्याकडची मुलं 'एस्तोय सुएन्यो' ('एस्तोय' म्हणजे मी आहे) म्हणून बसतात. ते चूक आहे. मराठीतून या. 'झोप' हे आपलंही नामच आहे. आपल्याला ती येते, स्पॅनिश बोलणाऱ्यांजवळ ती असते ('तेंगो' म्हणजे माझ्याजवळ आहे), एवढाच फरक. नाम आहे म्हणूनच खूप झोप येत असेल तर 'मूचो सुएन्यो'; विशेषणाआधी येणारा 'खूप', म्हणजे 'मूय', इथे नाही. एखाद्या काळजीने झोप उडाली, तर ती काळजी 'मे कीता एल सुएन्यो', म्हणजे माझी झोप हिरावून घेते. आणि आपलं 'स्वप्नातसुद्धा नाही' तिकडे जसंच्या तसं आहे: 'नी एन सुएन्योस'.

लॅटिनमध्ये झोपेला 'सोम्नुस' आणि स्वप्नाला 'सोम्नियुम' असे वेगळे शब्द होते. बोलण्यात झिजत झिजत स्पॅनिशमध्ये दोन्हींचा 'सुएन्यो' झाला. हा 'सोम्नुस' आणि आपला 'स्वप्न' एकाच मुळातून आलेले आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायातलं 'युक्तस्वप्नावबोधस्य' आठवा. तिथे 'स्वप्न' म्हणजे झोपच. मराठीत तो अर्थ मागे पडला.

कधीकधी मात्र संदर्भ असूनही निवाडा होत नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ सालच्या चित्रमालिकेत ४३व्या चित्रावर 'विवेकाचा सुएन्यो राक्षसांना जन्म देतो' अशा अर्थाची ओळ आहे. मेजावर डोकं टेकलेला माणूस, मागे घुबडं आणि वटवाघळं. विवेक झोपला की राक्षस जन्मतात, की विवेकाला पडलेलं स्वप्नच राक्षसांना जन्म देतं? स्पॅनिश वाचकाला दोन्ही एकदम ऐकू येतं. मराठीत आणताना आपल्याला एक सोडावंच लागतं.