आधी घोडे बघ

डच चित्रकार आन्तोन माउवेचं १८८२ मधलं किनाऱ्यावरच्या मासेमारी होडीचं चित्र बघताना लगेच रंगांच्या मागे लागू नकोस रे. आधी घोडे बघ. दमलेत, पण मुकाट उभे आहेत. अवजड होडी वाळूतून वर ओढायची अजून बाकी आहे. ओढायची कशाला? हेगजवळच्या स्खेवेनिंगेनला १९०४ पर्यंत बंदरच नव्हतं. म्हणून तिथल्या होड्या सपाट बुडाच्या, थेट वाळूवर लागणाऱ्या. एवढं कळलं की त्या करड्या रंगात नुसती उदासी नाही, घाम दिसायला लागतो. माउवेकडे शिकलेल्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं भावाला, तेओला, लिहिलेल्या पत्रात याच घोड्यांबद्दल फार कळवळून लिहिलंय. ते जरूर वाच, पण चित्र मनसोक्त बघून झाल्यावरच.