तिकीट विकणारा खासगी, मग लॉटरी शासकीय कशी?

प्रश्न : आमच्या एसटी स्थानकाबाहेर एक विक्रेता टेबल मांडून राज्य लॉटरीची तिकिटे विकतो. त्याला तिकिटे पुरवणारा वितरक खासगी व्यापारी आहे. मग या लॉटरीला ‘शासकीय’ का म्हणायचे? ती नेमकी कोण चालवते?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 मध्ये सुरू झाली. मटक्याकडे वळणाऱ्या लोकांना राजमान्य पर्याय मिळावा, हा तिचा एक हेतू होता. ती वित्त विभागाच्या अखत्यारीत येते. अल्पबचत व राज्य लॉटरी आयुक्त तिचे प्रमुख असून कार्यालय नवी मुंबईत वाशी येथे आहे. बचतीला उत्तेजन आणि लॉटरी ही दोन कामे एकाच आयुक्ताकडे असावीत, हे आम्हाला विसंगत वाटते.

आपण पाहिलेला वितरक बेकायदा नाही. 1998 च्या लॉटरी नियमन कायद्याने राज्याला तिकिटे स्वतः किंवा वितरक व विक्रेत्यांमार्फत विकण्याची मुभा दिली आहे. मात्र तिकिटावर राज्याचे नाव व बोधचिन्ह असलेच पाहिजे, विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा झाली पाहिजे आणि सोडत राज्यानेच, स्वतःच्या हद्दीत काढली पाहिजे. म्हणजे विक्री दुसऱ्याकडे सोपवता येते, सोडत नाही.

2010 च्या नियमांनी हे आणखी आवळले. तिकिटे सरकारी छापखान्यात किंवा मान्यताप्राप्त सुरक्षा मुद्रणालयातच छापावी लागतात, आणि सोडतीचे यंत्र समोर बसलेल्यांना उघड दिसेल असे चालवावे लागते. आमच्या मते सर्वांत महत्त्वाची अट न विकलेल्या तिकिटांची आहे : वितरकाने ती पैसे भरल्याच्या चलनांसह, पूर्ण हिशेब देऊन परत करायची असतात. हा हिशेब ढिला पडला, तर न खपलेल्या तिकिटावर लागलेले बक्षीस कोणाच्या खिशात जाईल, हे सांगायला नको. म्हणून लॉटरीच्या कार्यालयात सोडतीच्या दिवसाइतकीच लेखा शाखेची नोंदवहीही जपली गेली पाहिजे.

बक्षीस 10,000 रुपयांपर्यंतचे असेल तर ते विक्रेत्याकडून मिळू शकते. त्याहून मोठे असल्यास मूळ तिकीट घेऊन शासनाकडेच दावा करावा लागतो आणि प्राप्तिकर कापून रक्कम मिळते. तिकिटावरचा क्रमांक फाटू देऊ नका. मुदतीत कोणीच दावा केला नाही, तर ते बक्षीस वितरकाकडे राहत नाही. कायद्याने ते राज्य शासनाचे होते.